शोरूममधला विमा, जीएसटीची चौकशी आणि तुमचा प्रीमियम

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नवी गाडी बुक केली तर शोरूमवाला म्हणतो, ‘विमा आमच्याकडूनच घ्या, बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही, वॉरंटीलाही अडचण येईल.’ हे खरं आहे का, ही पहिली. डिलरांना दिल्या जाणाऱ्या पैशांवरून विमा कंपन्यांमागे जीएसटी खात्याची चौकशी लागली, विमा नियामकाने नियमही बदलले, मग हा प्रकार थांबला का नाही, ही दुसरी. मी परवानाधारक मोटार सर्व्हेअर आहे. अपघातग्रस्त गाड्यांच्या नुकसानीचं मूल्यमापन हे माझं रोजचं काम असल्याने हा व्यवहार मी शोरूमच्या बाजूनेही पाहतो आणि क्लेमच्या बाजूनेही. उत्तर थोडं लांबेल, कारण यात थेट तुमच्या खिशातले पैसे आहेत.

आधी थोडक्यात सांगतो. विमा शोरूमकडूनच घ्या ही सक्ती बेकायदेशीर आहे. वॉरंटीचा विम्याशी काडीचा संबंध नाही. वॉरंटी उत्पादनातल्या दोषासाठी असते आणि ती गाडी बनवणारी कंपनी देते, विमा कुठून घेतला यावर ती ठरत नाही. कॅशलेसची, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने परस्पर गॅरेजला चुकतं करण्याची, गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, आणि याच अर्ध्या सत्यावर सगळा धंदा उभा आहे.

आता पैशांकडे येऊ. गाडीच्या पॉलिसीत मुख्य दोन भाग असतात. थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचं संरक्षण. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नुसार ते सक्तीचं आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. सध्याचे दर 1 जून 2022 पासूनचे आहेत. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारला वर्षाला 3,416 रुपये, आणि नव्या गाडीला तीन वर्षांचं एकदम घ्यावं लागतं म्हणून 10,640 रुपये. हा आकडा कुठल्याही कंपनीत, कुठल्याही एजंटकडे तोच राहतो. ‘थर्ड पार्टीत सूट देतो’ असं कुणी म्हणालं तर तो माणूस खोटं बोलतोय.

दुसरा भाग ओडी, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. सगळी गंमत इथे आहे. 1 जानेवारी 2007 पर्यंत याचाही दर ठरलेला होता. त्या दिवशी टॅरिफ, म्हणजे हे ठरवून दिलेले दर, उठलं आणि कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक मिळाली. तरी आजही बहुतेक कंपन्या जुन्या टॅरिफचा दर पाया धरतात आणि त्यावर सूट देतात. समजा पुण्या-मुंबईत 1200 सीसीची नवी कार आहे आणि तिची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, साडेनऊ लाख आहे. जुन्या टॅरिफचा दर 3.283 टक्के, म्हणजे ओडी प्रीमियम साधारण 31,200 रुपये. शोरूमने यावर 50 टक्के सूट दिली तर 15,600 रुपये होतात. बाहेर 75 टक्के सूट मिळाली तर 7,800. वर 18 टक्के जीएसटी धरला की फरक नऊ हजारांच्या पुढे जातो. गाडी तीच, आयडीव्ही तीच, पॉलिसीतला मजकूर तोच, कधीकधी कंपनीसुद्धा तीच! सुटीचे टक्के मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण एवढी तफावत रोजच्या कामात सहज दिसते.

हा फरक जातो कुठे? काही भाग कंपनीच्या नफ्यात जातो, पण बराचसा विकणाऱ्याकडे जातो. विमा कंपन्यांमधली खरी स्पर्धा शोरूमच्या टेबलासाठी चालते. एका मोठ्या डिलरकडे महिन्याला शेकडो नव्या गाड्या विकल्या जातात. ते टेबल हाती आलं की कंपनीला शेकडो पॉलिसी मिळतात, आणि ग्राहक तिथे कोटेशन तुलना करायच्या मनःस्थितीत नसतो. घरचे सोबत असतात, हार आणलेला असतो, मुहूर्त ठरलेला असतो. ऑन-रोड किमतीच्या कागदावर विमा ही एक ओळ असते आणि ती कुणी वाचत नाही. म्हणून कंपनी सूट तुम्हाला न देता डिलरला पैसे देते. स्पर्धा जितकी तीव्र तितका डिलरचा वाटा मोठा, आणि तेवढाच तुमचा प्रीमियम चढा.

नियामकाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. विमा नियामक आयआरडीएआयने 31 ऑगस्ट 2017 ला मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाल्या. तोवर डिलर विमा विकत होते, पण विमा कायद्याच्या चौकटीत त्यांना नाव नव्हतं. या सूचनांनी त्यांना ‘मोटार इन्शुरन्स सर्व्हिस प्रोव्हायडर’, म्हणजे एमआयएसपी असं नाव दिलं, जबाबदारी दिली आणि पैशांवर मर्यादा घातली: कारसाठी ओडी प्रीमियमच्या जास्तीत जास्त 19.5 टक्के. त्यापलीकडे पायाभूत सुविधा, जाहिरात, प्रशिक्षण अशा कुठल्याही नावाने काही द्यायचं नाही, हेही सूचनांत होतं. ग्राहकावर सक्ती करायची नाही, हेही होतं. कागदावर या सूचना चांगल्याच होत्या, आणि मला तेव्हा त्यांच्याकडून खूप आशा होती.

प्रत्यक्षात पैशांनी वाट बदलली. हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण जीएसटीची चौकशी नेमकी याच वाटेवर झाली. समजा डिलरला ओडीच्या 40 टक्के हवेत आणि नियम 19.5 चा आहे. उरलेल्या साडेवीस टक्क्यांसाठी एक तिसरी फर्म उभी राहते. ती विमा कंपनीला बिल लावते: ‘ब्रँडिंग’, ‘वेब मार्केटिंग’, ‘लीड जनरेशन’, ‘बॅनर’. कंपनी ते बिल चुकतं करते आणि फर्म पैसे डिलरपर्यंत पोचवते. बॅनर कुठे लागलेला नसतो. काही वेळा ही बिलं थेट डिलरच लावतो. विमा कंपनीच्या हिशेबात हा खर्च कमिशनखाली न दिसता जाहिरातीखाली दिसतो.

यात एक कच्चा दुवा होता. त्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागलेला असतो आणि विमा कंपनी त्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट घेते, म्हणजे स्वतः सरकारला भरायच्या करातून तेवढी रक्कम वजा करते. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम 16 म्हणतं की क्रेडिट हवं असेल तर माल किंवा सेवा खरोखर मिळालेली असली पाहिजे. नुसतं बिल पुरत नाही. 2022 मध्ये जीएसटी गुप्तचर महासंचालनालयाने ही बिलं उघडली आणि विचारलं, जाहिरात कुठे केली ते दाखवा. अनेक कंपन्यांवर आणि मधल्या फर्मवर चौकशी लागली. सेवा न घेता क्रेडिट घेतल्याचा खात्याचा आरोप होता आणि रकमा शेकडो कोटींच्या होत्या. कंपन्यांनी आपली बाजू मांडली, काहींनी रकमा भरल्या, काही वाद पुढे चालू राहिले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. कर खातं कर शोधत होतं. खोट्या बिलावर क्रेडिट घेतलं गेलं का, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. तुम्ही जास्त प्रीमियम का भरलात, हा प्रश्न त्यांच्या अखत्यारीत येतच नाही. वसूल झालेला पैसा तिजोरीत गेला. ज्याच्या प्रीमियममधून ती खोटी बिलं चुकवली गेली, त्या गाडीमालकाला एक रुपयाही परत मिळाला नाही, आणि या चौकशीतून तसा तो मिळणारही नव्हता.

नियामकाने पुढे उलट दिशेने पाऊल टाकलं. 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक प्रकारच्या विम्याला वेगळी असलेली कमिशनची मर्यादा काढून टाकली आणि कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चाला छत घातलं: सामान्य विमा कंपनीसाठी एकूण प्रीमियमच्या 30 टक्के. या छताखाली कुणाला किती कमिशन द्यायचं ते कंपनीच्या संचालक मंडळाने ठरवायचं. याचा एक फायदा मी मान्य करतो. जो पैसा जाहिरातीच्या नावाखाली लपून जायचा तो आता कमिशन म्हणून उघड हिशेबात येतो, खोट्या फर्मची गरज कमी झाली. पण शोरूमच्या टेबलासाठीची बोली संपली नाही. ती आता कायदेशीर झाली. मोटारमधला जास्तीचा खर्च दुसऱ्या एखाद्या विम्यातल्या कमी खर्चातून भरून काढता येतो, कारण छत एकूण प्रीमियमवर आहे.

माझ्या मते एक साधा उपाय होता आणि तो सुचवलाही गेला होता. एमआयएसपी सूचनांचा आढावा घ्यायला आयआरडीएआयने 2019 मध्ये समिती नेमली. ग्राहकाने विम्याचे पैसे गाडीच्या किमतीत न मिसळता वेगळ्या चेकने थेट विमा कंपनीला द्यावेत, अशी शिफारस तिने केली. समितीचं कारण अगदी योग्य होतं: एकच चेक दिला की ग्राहकाला विम्याचा खरा आकडा कळत नाही आणि घासाघीस करायची संधीही जाते. मी याच्या एक पाऊल पुढे जाईन. पॉलिसीच्या पहिल्या पानावर प्रीमियमशेजारी विकणाऱ्याला मिळालेली रक्कम रुपयांत छापा. ‘यातले 6,000 डिलरचे’ असं लिहिलेलं दिसलं की ग्राहक आपणहून विचारेल. नियमांनी इतक्या वर्षांत जे साधलं नाही ते या एका ओळीने साधेल, असं मला मनापासून वाटतं.

एक बदल मात्र खरोखर ग्राहकाच्या बाजूने झाला आहे आणि लोकांना तो माहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रस्ता सुरक्षेच्या एका प्रकरणात आदेश दिला की 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यायचा. रस्त्यावरच्या बिनविम्याच्या गाड्या कमी व्हाव्यात हा उद्देश होता. पण त्या आडून काही ठिकाणी ओडीसुद्धा तीन-पाच वर्षांचा एकदम गळ्यात मारला जाऊ लागला. मग 1 सप्टेंबर 2019 पासून फक्त ओडीची स्वतंत्र पॉलिसी मिळू लागली, आणि 1 ऑगस्ट 2020 पासून नव्या गाडीसाठी तीन-पाच वर्षांची एकत्र पॅकेज पॉलिसी नियामकाने बंदच केली. याचा अर्थ असा, की थर्ड पार्टी तीन वर्षांसाठी एका कंपनीत असली तरी दुसऱ्या वर्षीचा ओडी तुम्ही कुठल्याही कंपनीकडून घेऊ शकता. पहिल्या वर्षी शोरूममध्ये हरलात तरी दुसऱ्या वर्षी पूर्ण मोकळे आहात.

आणि नेमक्या त्याच दुसऱ्या वर्षी, मुदत संपायच्या महिनाभर आधी, फोन सुरू होतात. गाडीचा नंबर, मॉडेल, विमा संपण्याची तारीख, सगळं समोरच्याला माहीत असतं. लोक मला विचारतात, यांना कळतं कसं? माहिती फुटण्याच्या वाटा अनेक आहेत: शोरूम, एजंट, जुनी कंपनी. पण एक वाट सरकारीच होती. देशभरातल्या वाहनांची नोंद ‘वाहन’ या प्रणालीत असते आणि ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, तयार केली आहे. 2019 मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने हा डेटा घाऊक विकायचं धोरण आणलं. व्यापारी संस्थांसाठी वर्षाला तीन कोटी रुपये दर होता. जुलै 2019 मध्ये नितीन गडकरींनी राज्यसभेत सांगितलं की 87 खासगी आणि 32 सरकारी संस्थांना ‘वाहन’ आणि ‘सारथी’ची (वाहन चालवण्याच्या परवान्यांची नोंद) माहिती दिली असून त्यातून 65 कोटी रुपये मिळाले आहेत. खासगीपणाचा प्रश्न उठल्यावर जून 2020 मध्ये ते धोरण मागे घेतलं. पण एकदा बाहेर गेलेली माहिती परत येत नाही. सरकारी आयटी प्रणालीची चौकशी म्हटली की आपल्याकडे कंत्राट किती कोटींचं आणि निविदा कुणाला गेली एवढंच पाहिलं जातं. प्रणाली उभी राहिल्यावर तिच्यातल्या माहितीवर कोण कमावतंय, हे तितक्याच कसून तपासायला हवं.

‘वाहन’चा चांगला उपयोगही आहे आणि तो तुम्ही जरूर करा. विमा कंपन्या पॉलिसीची माहिती तिथे चढवतात. पॉलिसी घेतल्यावर काही दिवसांनी परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची नोंद तपासा. बनावट पॉलिसी अजून विकल्या जातात, विशेषतः दुचाकींच्या आणि जुन्या गाड्यांच्या. कागद हुबेहूब असतो. क्लेम येतो तेव्हा कळतं की असा पॉलिसी नंबर अस्तित्वातच नाही. आणि बिनविम्याची गाडी चालवल्याबद्दल दंड 2,000 रुपये, दुसऱ्यांदा 4,000, तो वेगळाच.

आता त्या अर्ध्या सत्याकडे, कॅशलेसकडे. कॅशलेस हा गॅरेज आणि विमा कंपनी यांच्यातला करार असतो. पॉलिसी कुणी विकली याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमची कंपनी त्या शोरूमच्या वर्कशॉपशी जोडलेली असेल तर पॉलिसी तुम्ही मोबाईलवरून घेतली असली तरी कॅशलेस मिळतं. ग्यानबाची मेख इथे आहे: कुठल्या कंपन्यांशी जोडणी ठेवायची हे शोरूम ठरवतं, आणि ज्या कंपन्या टेबलावर पैसे ठेवतात त्यांच्याशीच अनेक शोरूम ती ठेवतात. म्हणून बाहेरून पॉलिसी घेण्याआधी त्या कंपनीच्या संकेतस्थळावर नेटवर्क गॅरेजची यादी उघडा आणि तुमच्या शहरात तुमच्या मेकची अधिकृत वर्कशॉप किती आहेत ते पाहा. दोन-तीन असतील तर शोरूमची धमकी पोकळ आहे. एकही नसेल तर दुसरी कंपनी पाहा. बाहेर चांगला पर्याय नक्की सापडतो.

कॅशलेस म्हणजे फुकट, हाही एक मोठा गैरसमज आहे. अडीच वर्षांच्या 1200 सीसी कारचं पुढून लागलेलं एक साधं एस्टिमेट घेऊ. जीएसटी बाजूला ठेवतो. बंपर 6,000, बॉनेट 8,000, पुढची काच 7,000, पेंटिंग 9,000, मजुरी 4,000. एकूण 34,000 रुपये. बंपर प्लास्टिकचा, त्यावर गाडीचं वय काहीही असो 50 टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची कपात: 3,000 तुमचे. बॉनेट धातूचं, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 15 टक्के: 1,200 तुमचे. काचेला घसारा नाही. पेंटिंगच्या बिलात मालाचा वाटा 25 टक्के धरतात आणि त्यावर 50 टक्के घसारा, म्हणजे 1,125. मजुरीवर काही नाही. वर 1500 सीसीपर्यंतच्या कारला सक्तीचे 1,000 रुपये तुमचे. तुम्ही भरायचे एकूण 6,325, कंपनी देणार 27,675. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा पैसे देऊन घ्यायचं संरक्षण (ॲड-ऑन), घेतलं असेल तर घसाऱ्याचे 5,325 वाचतात आणि साधारणपणे सक्तीची रक्कम तेवढी उरते. पहिल्या पाच वर्षांत झिरो डेप घ्या असं मी सगळ्यांना सांगतो, कारण आजच्या गाड्यांत पुढून-मागून बहुतेक प्लास्टिकच आहे.

याच एस्टिमेटवर वर्कशॉपमध्ये आणखी एक गोष्ट घडते. गाडी आत गेली की काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो, ‘क्लेममध्ये करायचं की कॅशमध्ये?’ उत्तरावर मजुरीचा दर बदलतो. क्लेममध्ये ठोकून सरळ होणारा फेंडर ‘रिप्लेस’मध्ये जातो, एका पॅनलचं पेंटिंग तीन पॅनलचं होतं. सर्व्हेअर हे कापतो, वाद होतो, आणि ग्राहकाला सांगितलं जातं की ‘सर्व्हेअरने पास केलं नाही, फरक तुम्ही भरा.’ अशा वेळी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे. काय बदलायला मंजूर झालं, काय दुरुस्तीत गेलं, कशावर किती घसारा लागला, सगळं त्यात ओळीओळीने असतं. माझ्या व्यवसायाबद्दलही स्पष्ट सांगतो: विमा कायदा 1938 च्या कलम 64 यूएमखाली आम्हाला परवाना असतो, आम्ही निष्पक्ष असणं अपेक्षित असतं, पण काम आणि फी विमा कंपनी देते. 50,000 रुपयांखालच्या मोटार क्लेमला स्वतंत्र सर्व्हेअर लागतच नाही, कंपनी स्वतःच्या माणसाकडून किंवा मोबाईलवरच्या फोटोंवरून मूल्यमापन करू शकते. म्हणून रिपोर्ट वाचणं तुमच्याच हाती आहे.

जून 2024 च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकाने क्लेमच्या वेळा बांधून दिल्या आहेत. कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत रिपोर्ट द्यायचा, रिपोर्ट मिळाल्यावर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. कागदपत्रं अपुरी आहेत एवढ्याच कारणावर क्लेम नाकारता येणार नाही. या वेळा लिहून ठेवा आणि ईमेलमध्ये त्यांचा उल्लेख करा. अशा ईमेलनंतर फाइल हलते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता तुमच्या गाडीपुरतं काय करायचं ते सांगतो. शोरूमकडून विम्याचं कोटेशन लेखी मागा. त्यात आयडीव्ही, ओडी, थर्ड पार्टी, प्रत्येक ॲड-ऑन आणि जीएसटी वेगवेगळे दाखवलेले हवेत. ‘इन्शुरन्स 48,000’ अशी एक ओळ घेऊ नका. तीच आयडीव्ही आणि तेच ॲड-ऑन धरून दोन-तीन ठिकाणी बाहेर दर काढा. आयडीव्ही कमी दाखवून प्रीमियम स्वस्त करणं सगळ्यात सोपं असतं, आणि गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपुढे जाऊन टोटल लॉस झाली की त्याची किंमत कळते. नव्या गाडीला आयडीव्ही एक्स-शोरूम किमतीच्या 95 टक्के धरतात, त्याखाली जाऊ नका. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत किंवा स्वतंत्र घेतलेला असेल तर तो इथे पुन्हा घ्यायची गरज नाही. 2019 पासून तो वेगळा करता येतो, पण शोरूम आपणहून सांगत नाही. आणि जुनी गाडी विकून ही घेत असाल तर जुन्या कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडी प्रीमियमवर मिळणाऱ्या सुटीचं, प्रमाणपत्र घ्या. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, आणि तो 50 टक्क्यांपर्यंत असू शकतो. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

मग बाहेरचा दर शोरूमच्या टेबलावर ठेवा. बहुतेक वेळा तिथेच दर खाली येतो, कारण खाली यायला भरपूर जागा असते. तो बाहेरच्या दराजवळ आला तर शोरूममधूनच घ्या, त्यात वाईट काही नाही. फक्त पैसे विमा कंपनीच्या नावे वेगळे भरा. नाही आला आणि तुम्ही बाहेरून घ्यायचं ठरवलंत, तर अडवणूक सहसा एकाच ठिकाणी होते: चॅसिस आणि इंजिन नंबर द्यायला टाळाटाळ. आरटीओ नोंदणीआधी विमा लागतो आणि हे नंबर नसले तर बाहेरची पॉलिसी निघत नाही. म्हणून बुकिंगची उरलेली रक्कम भरण्याआधीच हे दोन्ही नंबर आणि कर्ज असल्यास बँकेचं नाव असलेला प्रोफॉर्मा, म्हणजे गाडीचं कच्चं बिल, ईमेलवर मागून घ्या. ‘हँडलिंग चार्ज’ किंवा ‘बाहेरच्या विम्याचा प्रोसेसिंग चार्ज’ म्हणाले तर तो लेखी द्या म्हणा. लेखी कुणी देत नाही.

तरीही सक्ती झाली तर आधी त्या विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, कारण त्या टेबलावर डिलर तिचा माणूस म्हणून बसलेला असतो. उत्तर नाही आलं तर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर तक्रार नोंदवा. क्लेमचा वाद असेल तर कंपनीला लेखी तक्रार दिल्यावर 30 दिवस थांबून विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो. क्लेम नाकारल्याच्या किंवा तक्रारीचं अंतिम उत्तर आल्याच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. प्रोफॉर्मा, लेखी कोटेशन आणि ईमेल जपून ठेवलेत तर तिथे तुमची बाजू भक्कम राहते.